खिशातलं जेल, पोटातलं जेल

एनर्जी जेल म्हणजे लांबच्या सायकल राईडमध्ये पाकिटातून तोंडात पिळून घ्यायचा दाट, गोड पाक. त्याचं पाकीट हातात घेतलं की मी आधी कार्बोहायड्रेटचा आकडा शोधते आणि मग एमआरपी. फ्लेवर नंतर. बँकेतल्या नोकरीनं लावलेली ही सवय, असं घरचे म्हणतात. पण आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपमधले सॉफ्टवेअरवाले, एक दातांच्या डॉक्टर आणि एक निवृत्त मुख्याध्यापकही आता दुकानात उभं राहून तोच भागाकार करतात. पाकिटात पंचवीस ग्रॅम कार्ब, किंमत एकशेदहा रुपये, म्हणजे ग्रॅमला चार रुपये चाळीस पैसे. किराणा दुकानातली साखर पंचेचाळीस रुपये किलो धरली तर ग्रॅमला साडेचार पैसे पडते. जवळजवळ शंभरपट. वाहन कर्जाची फाईल घेऊन समोर बसलेल्या माणसाला मी इतका फरक दिसल्यावर दोन प्रश्न जास्तच विचारले असते.

ज्यांचा सायकलशी संबंध मुलांना क्लासला सोडण्यापुरता आहे त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये आमच्याकडे सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे बीआरएम. शर्यत नाही; ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पुरं करायचं, कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या थांब्यांवर, ब्रेव्हे कार्ड या हजेरीच्या कार्डावर शिक्का घ्यायचा, आणि गाडीची-माणसाची काय ती काळजी आपली आपण घ्यायची. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. माझ्यासारखी मध्यम वेगाची बाई दोनशेला दहा-अकरा तास खोगिरावर असते. शरीरात ग्लायकोजेनच्या रूपानं साठवलेली साखर साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरीच्या आतबाहेर. आरामात पॅडल मारलं तरी तासाला चारशे-पाचशे कॅलरी जळतात. त्यातला काही वाटा चरबीतून निघतो, आणि चरबीचा साठा आपल्याकडे मुबलक असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण चरबी सावकाश जळते. चढ आला की शरीर साखरच मागतं. ती बाहेरून देत राहिलं नाही तर कुठेतरी चौथ्या-पाचव्या तासाला दिवा जातो. ग्रुपच्या भाषेत ‘बाँक झाला’.

बाँक झालेला माणूस लांबून ओळखता येतो. पाय थकलेला माणूस बोलतो, विनोद करतो, स्वतःला शिव्या घालतो. साखर संपलेला गप्प होतो. मग त्याला पुढच्याच्या चाकाचा राग येतो, रस्त्याचा राग येतो, शेजारून ‘शाब्बास’ म्हणून गेलेल्या एसटीतल्या आजोबांचा राग येतो. त्याला सोपं गणित विचारावं: एकशेवीस झाले, दोनशे आहेत, किती राहिले? उत्तर यायला फार वेळ लागला तर त्याला थांबवून आधी गोड काहीतरी खायला घालायचं. आमचे मुख्याध्यापक हाच प्रश्न विचारतात, आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं उत्तर चुकलं की कानही पकडतील अशी भीती वाटते.

तर बाँक टाळायचा म्हणजे तासाला निदान पन्नास ग्रॅम कार्ब पोटात जायला हवेत. अकरा तासांचे साडेपाचशे ग्रॅम. सगळे पंचवीस ग्रॅमच्या जेलमधून घ्यायचे तर बावीस पाकिटं, दोन हजार चारशे वीस रुपये. बीआरएमच्या प्रवेश शुल्काच्या कितीतरी वर. एका रविवारचे. माझ्या ओळखीत एकानंही हे कधी केलेलं नाही.

लोक काय करतात, तर चार पाकिटं घेतात. आणि ती चार पाकिटं सांभाळतात. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांना त्यांचा न्यू जर्सीचा पुतण्या दर दिवाळीला परदेशी जेल आणून देतो. काका ते खिशात ठेवतात ते घाटासाठी. खंबाटकी चढताना म्हणतात, हा काही फार मोठा घाट नव्हे, पसरणीला घेऊ. पसरणी चढून पाचगणीला पोचल्यावर म्हणतात, आता काय, उतारच आहे, परतीला लागेल. परतीला सुरूरच्या पुढे त्यांचा चेहरा पांढराफटक पडतो, तेव्हा ते जेल निघतं. किंवा तेव्हाही निघत नाही, कारण भजी मिळालेली असतात. मग ते घरी जातं, कपाटात जातं, आणि पुढच्या दिवाळीला नवीन स्टॉक येईपर्यंत त्याची मुदत उलटलेली असते. काका कंजूष नाहीत. सगळ्यांना नाश्ता तेच देतात. पण साडेतीनशे रुपयांची वस्तू सकाळी नऊ वाजता, पाय ताजे असताना, नुसतं घड्याळ म्हणतंय म्हणून फाडून तोंडात रिकामी करायला हात धजत नाही. मराठी मध्यमवर्गीय हात तर नाहीच.

माझं म्हणणं सगळं या हातापाशीच आहे. परवडणं हा जेलच्या बाबतीत फक्त खिशाचा प्रश्न राहत नाही, तो थेट पायात उतरतो. महाग जेल जपून वापरलं जातं, आणि जपून वापरलेलं जेल उशिरा पोटात जातं. उशिरा गेलेल्या जेलचा उपयोग कमी. भर मेहनतीत, उन्हात, रक्त पायांकडे आणि कातडीकडे वळलेलं असतं, जठर आळशी झालेलं असतं. वरून टाकलेलं आतड्यात जाऊन रक्तात यायला वेळ लागतो. शिवाय दोनशे ग्रॅमचा खड्डा पडल्यावर त्यात पंचवीस ग्रॅम टाकून काय होणार? दात कोरून पोट भरत नाही. जेल घ्यायचं ते गरज वाटायच्या आधी, दर वीस-पंचवीस मिनिटांनी, कंटाळा येईल इतक्या नियमानं. असं घ्यायला ते इतकं स्वस्त हवं की फाडताना मनात आकडा येऊ नये.

आणि इतकं चवीचं हवं की आठव्या तासाला घशाखाली उतरावं. ही दुसरी अट पहिलीइतकीच कडक आहे, कारण बेचव जेलचं शेवटी तेच होतं जे महाग जेलचं होतं. ते खिशात राहतं.

चवीकडे जायच्या आधी आतड्याबद्दल थोडं, कारण पाकिटावरचे निम्मे दावे तिथूनच येतात. आतड्याच्या भिंतीत ग्लुकोज आत घेणारी एक वाहक यंत्रणा आहे, तिचं नाव एसजीएलटी-वन. ती ग्लुकोजबरोबर सोडियमही ओढते, आणि तासाला साधारण साठ ग्रॅमच्या आसपास तिची क्षमता संपते. फ्रुक्टोजचा दरवाजा वेगळा, ग्लुट-फाइव्ह. त्यामुळे नुसतं ग्लुकोज कितीही प्यायलं तरी साठाच्या पुढचं पोटातच डचमळत राहतं. पण सोबत फ्रुक्टोज दिलं तर दोन्ही दरवाजांतून मिळून नव्वद ग्रॅमपर्यंत मजल जाते. बर्मिंगहॅम विद्यापीठात आस्कर यूकेनड्रूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सायकलस्वारांवर हे प्रयोग केले आणि जेलच्या पाकिटांवर ‘2:1’ हे गुणोत्तर झळकू लागलं, दोन भाग ग्लुकोज, एक भाग फ्रुक्टोज. आता 1:0.8 ची फॅशन आहे.

यातला पहिला दरवाजा आपल्याकडे फार आधीपासून ओळखीचा आहे. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलऱ्याची साथ पसरली, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात कालवून तोंडावाटे द्यायला सुरुवात केली आणि हजारो माणसं वाचली. ओआरएस काम करतं ते याच सोडियम-ग्लुकोजच्या जोडीमुळे. फक्त ओआरएस हे इंधन नव्हे. लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम. पाणी शरीरात टिकवायला ते उत्तम, पण ओआरएस पीत दोनशे करू म्हणणाऱ्याला मुख्याध्यापकांचा वजाबाकीचा प्रश्न लवकरच ऐकावा लागेल.

जेल हा प्रकार तसा वयानं लहान. 1980च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत टिम नोक्स या शरीरशास्त्रज्ञानं कॉम्रेड्स मॅरेथॉनचा सम्राट ब्रूस फोर्डाइस याच्यासोबत काम करून ‘लेपिन स्क्वीझी’ आणलं. कॉम्रेड्स म्हणजे डर्बन ते पीटरमारित्झबर्ग, नव्वदेक किलोमीटर पळणं. तिथे पळता पळता चावत बसायला वेळ नसतो. पुढच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमधून ‘गू’ आलं आणि पाकीट दातांनी फाडून पिळायची पद्धत जगभर गेली. मग ब्रिटिशांचं ‘एसआयएस’ आलं, पातळ, साठ मिलीलीटरचं, वर पाणी प्यायची गरज नसलेलं, पण त्यात कार्ब बावीसच ग्रॅम आणि खिशात जागा दुप्पट. अलीकडे स्वीडनचं ‘मॉर्टन’, जेलीसारखं थरथरणारं, जवळजवळ बिनचवीचं. आणि आपल्याकडेही ‘फास्ट अँड अप’, ‘युनिव्हेड’ वगैरे देशी मंडळी आली, त्यामुळे परदेशी पाकिटांच्या निम्म्या-तिहाई किमतीत काम भागू लागलं. या सगळ्यांच्या पोटात डोकावलं तर मूळ माल तोच: माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड), फ्रुक्टोज किंवा साखर, पाणी, मीठ, आंबटपणाला सायट्रिक आम्ल, टिकायला काहीतरी. बी-व्हिटॅमिनं आणि अमिनो आम्लं ही लग्नाच्या आहेरातल्या टॉवेल-टोपीसारखी. दिली म्हणून घ्यायची, तिच्यासाठी लग्नाला जायचं नाही.

पाकीट वाचताना एक बघावं. वर मोठ्या अक्षरात पाकिटाचं वजन असतं, ‘40 ग्रॅम’, ‘45 ग्रॅम’. ते कार्बचं नसतं. मागे बारीक अक्षरात खरा आकडा सापडतो. तो कधी एकोणीस असतो, कधी तीस. कॅलरीला चारानं भागलं तरी चालतं. तीस ग्रॅमवालं एकशेवीसला मिळत असेल तर ते एकोणीस ग्रॅमच्या नव्वदवाल्यापेक्षा स्वस्त आहे, हे दुकानदाराला सांगितलं तर तो आपल्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो.

आता चव. दुकानात, पंख्याखाली, एक पाकीट फोडून ‘वा, छान आहे की’ म्हणणं याला काही अर्थ नाही. तिथे चॉकलेटही छान लागतं. खरी परीक्षा मार्चच्या दुपारी दीड वाजता, शिरवळच्या पुढे, तोंडात धूळ आणि ओठांवर मीठ जमलेलं असताना. तेव्हा व्हॅनिला हा शब्द नुसता वाचला तरी ढवळून येतं. आंब्याचा कृत्रिम स्वाद तर सगळ्यात वाईट. आपण खऱ्या हापूसवर वाढलेली माणसं. दमलेल्या जिभेला फसवता येत नाही, ती चिडते. एकाच चवीची पाच पाकिटं लागोपाठ घेतल्यावर सहावं तोंडापर्यंत येतं आणि गाल आपोआप मिटतात. भूक असते, अक्कल सांगत असते की घे, पण गिळायचं यंत्र संपावर जातं.

शिवाय फाडण्याचा सोहळा. उजव्या हातात हँडल, डाव्या हातानं पाठीमागच्या खिशातून पाकीट काढायचं, दातांनी कोपरा धरून खेचायचा. कोपरा पूर्ण सुटला तर तो तोंडात राहतो आणि त्याचं काय करायचं हा प्रश्न पडतो. अर्धवट फाटला तर जेल बाजूनं बाहेर येऊन अंगठ्यावर. अंगठ्यावरून हँडलच्या टेपवर, तिथून ब्रेकच्या लिव्हरवर, आणि घाम पुसायला हात वर नेला की भुवयांवर. रिकामं पाकीट खिशात परत ठेवलं की त्यातला उरलेला थेंब मोबाइलला लागतो. संध्याकाळी सायकल गॅलरीत उभी केली की मुंग्या मात्र न चुकता हँडलबारवर कंट्रोल घ्यायला हजर. हे सगळं वाचवायला काही लोक पाकीट घाटातच टाकून देतात. खंबाटकीच्या वळणांवर कठड्याखाली चमचमतात ती सगळीच वेफर्सची नसतात, हे मान्य करायला हवं, आणि टाकणाऱ्यांना ग्रुपमधून काढायलाही हवं.

चवीच्या बाबतीत माझा कौल आंबटाला आणि खारटाला. लिंबू, संत्रं, मीठ असलेलं काहीही. गोडावर गोड टाकत गेलं की जीभ मरते, आंबट तिला मधून मधून उठवतं. लाळ सुटते, आणि लाळ सुटली की गिळता येतं, इतकं ते सरळ आहे.

‘मग जेल कशाला, आपलं खायचं की!’ हे मला सासूबाईंपासून सायकल दुरुस्तीवाल्यापर्यंत सगळ्यांनी सुनावलंय. बरोबर आहे, अर्धं. केळं उत्तम, मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कार्ब, साल रस्त्याकडेच्या गाईला. फक्त खिशात तासभर राहिलं की त्याचं शिकरण होतं. साधे चार-पाच खजूर बिया काढून घेतले की तेवढंच काम होतं, आणि पैशाच्या हिशेबानं खजूर जेलला कधीच हरवून बसलाय. चिक्की चवीला अप्रतिम, पण चढावर धापा टाकताना शेंगदाण्याचा कण घशात गेला की खोकून खोकून नाकी नऊ येतात, आणि दाण्यातलं तेल पोट सावकाश करतं. राजगिऱ्याचा लाडू कोरड्या तोंडात विरघळायच्या ऐवजी टाळूला लिंपला जातो. पुरणपोळी पहिल्या दोन तासांत जरूर खावी. नंतर तिला पचवायचं की सायकल चालवायची हे शरीराला ठरवावं लागतं.

मात्र एका गोष्टीपुढे जगातलं कुठलंही जेल मला फिकं वाटतं, ती म्हणजे उसाचा रस. दोनशे मिलीलीटरच्या ग्लासात पंचवीस-तीस ग्रॅम साखर, म्हणजे अख्खं एक जेल, पाण्यासकट, वर लिंबू, आलं आणि चिमूटभर मीठ. किंमत वीस रुपयांच्या आसपास. शिवाय घुंगरांचा आवाज फुकट. ऊस म्हणजे मुख्यतः सुक्रोज, आणि सुक्रोजच्या प्रत्येक रेणूत एक ग्लुकोज नि एक फ्रुक्टोज. आतड्यात पोचताच ते सुटे होतात. थोडक्यात, ज्या 1:0.8 साठी कंपन्या एवढा गाजावाजा करतात त्याच्या अगदी शेजारचं 1:1 गुणोत्तर रसवंतीवाला चरकातून काढून देत असतो. पुण्याच्या आसपासच्या निम्म्या रसवंत्यांवर ‘कानिफनाथ’ किंवा ‘नवनाथ’ लिहिलेलं असतं. बोपदेव घाट चढून गेलं की बोपगावच्या डोंगरावर कानिफनाथांचं देऊळ आहे. घाट चढून आलेल्या सायकलवाल्यांनी तिथे मनोमन हात जोडावेत, त्यांच्या नावावर आपण बऱ्याच घाटांत तगलेलो असतो. अडचण एकच. रसवंती आपल्याला हवी तिथे नसते, ती रस्त्याला हवी तिथे असते. पहाटे पाचला ती उघडलेली नसते, पावसाळ्यात अनेक बंद असतात, आणि बर्फ कुठल्या पाण्याचा हे विचारायचं नसतं. मी बर्फाशिवाय घेते.

काकवीपर्यंत मी याच वाटेनं पोचले. सासर कराडकडचं. गुऱ्हाळं सुरू झाली की दरवर्षी घरी काकवीची बरणी येते, आणि तिच्याकडे बघताना एके दिवशी सरळ दिसलं की हे जेलच आहे. दाट, वाहतं, दोन मोठे चमचे घेतले की पंचवीस ग्रॅमच्या आसपास साखर. उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी देणारी आपली मंडळी होती, त्यांना एसजीएलटी माहीत असायचं कारण नव्हतं. सासूबाईंना मी काकवीत लिंबू, आल्याचा रस आणि मीठ घालून बाटलीत भरताना सापडले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं भाकरीबरोबर खायची ती. सायकलवर काय चाटत बसणार?” मग चमचाभर घेऊन बघितली आणि बाटली परत देताना म्हणाल्या, “मीठ अजून घाल.”

काकवीत अडचण एकच आहे, तिची चव जड असते. खारट-लोखंडी, मागे रेंगाळणारी. पहिल्या चार तासांना ती झकास, नंतर जीभ हलकं काहीतरी मागते. तिच्यातल्या लोहाबद्दल घरोघरी जे ऐकू येतं त्यावर मी फार विसंबत नाही, आणि दहा तासांच्या राईडमध्ये त्यानं फरकही पडत नाही.

म्हणून दुसरी बाटली. हिची कृती अशी. शंभर ग्रॅम साखर आणि पन्नास ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन कोरडंच एकत्र करायचं. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चचे तुकडे केलेली पांढरी पूड. फारशी गोड नसते, आणि आतड्यात गेल्यावर ग्लुकोजच होते. ऑनलाइन किलोनं मिळते. नुसती पाण्यात टाकली तर गुठळ्या धरते, साखरेबरोबर मिसळून टाकली तर नाही. पंचाहत्तर मिलीलीटर पाणी गरम करून त्यात हे मिश्रण, वर लिंबाचे दोन-चार थेंब, आणि एक हलकी उकळी. लिंबाचा सल्ला कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याचा. पाकाचे खडे होऊ नयेत म्हणून ते लिंबू पिळतात. आम्ल आणि उष्णता मिळून थोडी साखर ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये फोडतात आणि मग ती दाणेदार व्हायला नकार देते. थंड झालं की दोन चमचे कोकमाचं आगळ. आगळात मीठ आधीच भरपूर असतं, म्हणजे सोडियम आलं, आंबटपणा आला, आणि रंग तर असा येतो की परदेशी कंपनीनं हेवा करावा.

हिशेब घालून बघा. शंभर ग्रॅम साखरेतून पन्नास ग्लुकोज, पन्नास फ्रुक्टोज. त्यात माल्टोडेक्स्ट्रिनचे पन्नास ग्लुकोज. शंभरास पन्नास, म्हणजे बरोबर 2:1. एकूण दीडशे ग्रॅम कार्ब, सहा जेलांइतके, छोट्या दाबायच्या बाटलीत मावणारे. साखरेचे पाच रुपये, माल्टोडेक्स्ट्रिनचे पंधरा-वीस, आगळाचे दोन-तीन. सहा जेलांचे साडेसहाशे होतात. पण पैशांपेक्षा मला आवडतो तो बाटलीचा निष्काळजीपणा. दर वीस मिनिटांनी एक घोट, हवा तेवढा, फाडाफाडी नाही, पाकीट ‘सुरू’ करायचा निर्णय नाही. घाटासाठी ठेवावं असं काही तिच्यात नसतंच.

पथ्यं आहेत. हे दाट सरबत आहे, वर पाणी प्यायलाच हवं, जेलइतक्या साखरेला निदान शे-दीडशे मिलीलीटर. नाहीतर आतडं शरीरातलं पाणी स्वतःकडे खेचतं आणि पुढचा पेट्रोल पंप फार लांब वाटू लागतो. पोटालाही सराव लागतो. पहिल्याच दिवशी तासाला साठ ग्रॅम त्याला झेपत नाही, छोट्या राईडना तीस-चाळीसनं सुरुवात करून वाढवत न्यावं, आणि बीआरएमच्या दिवशी नवीन काहीही तोंडात घालू नये, कोणी कितीही प्रेमानं दिलं तरी. घरचं मिश्रण फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. फेस दिसला की फेकून द्यावं. ग्रुपमधल्या दातांच्या डॉक्टर दर तासाला साखर चाटणाऱ्या आम्हा सर्वांकडे भावी पेशंट म्हणूनच बघतात. त्यांच्या सांगण्यावरून प्रत्येक घोटानंतर पाण्यानं चूळ भरायची. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी माझ्या कृतीकडे न बघता आपल्या डॉक्टरांकडे बघावं. सारसबागेला दोन चकरा मारणाऱ्यांना तर यातल्या कशाचीच गरज नाही. त्यांच्या साखरेची सोय बागेबाहेरच झालेली असते.

तरी विकतचं जेल मी सोडलेलं नाही. दोन पाकिटं असतात, कॅफिनवाली, देशी. ती शेवटच्या साठ किलोमीटरसाठी, किंवा तीनशेमध्ये रात्री दहानंतर, डोळे मिटायला लागतात तेव्हासाठी. मुसळधार पावसात बाटलीचं झाकण चिखलानं माखलं की पाकिटातलं जेल स्वच्छ असतं, हेही खरं. आणि बाटली पडून फुटली तर खिशात काहीतरी हवं. या कामांसाठी ग्रॅमला साडेचार रुपये मी खळखळ न करता देते. विमा म्हणून.

तीनशेच्या रात्रीचा मात्र एक प्रश्न जेलनं सुटत नाही, घरच्या ना दारच्या. बाराव्या-तेराव्या तासाला गोड या गोष्टीचाच उबग येतो. आगळसुद्धा चालत नाही. तेव्हा हँडलबारच्या पिशवीत जयसिंगपूरचं भडंग लागतं. कुरमुरे म्हणजे तांदूळ, तांदूळ म्हणजे कार्ब, वर मीठ, तिखट, लसूण. शास्त्राच्या दृष्टीनं त्याचं गुणोत्तर काय ते मला माहीत करून घ्यायचं नाही. मूठभर भडंग चावून झालं की पुढचा तासभर पुन्हा गोड घशाखाली उतरतं, आणि न्यू जर्सीचं जेल खिशात असलेले काकासुद्धा तेव्हा हात पुढे करतात.

कोकमाच्या बाटलीची बातमी ग्रुपमध्ये फुटलीच. येत्या दोनशेसाठी चौघांनी मागणी नोंदवली आहे, त्यात काका पहिले. मी बाटलीमागे तीस रुपये आकारणार आहे, रिकामी बाटली धुऊन परत करण्याच्या बोलीवर. मुख्याध्यापकांनी खर्च विचारून घेतला, मनातल्या मनात वजाबाकी केली आणि म्हणाले, पंचवीसवर पाच नफा पुष्कळ झाला.